नोटार निवडताना घ्यावयाची काळजी

घर घेणं ही माणसाच्या आयुष्यातली इतकी गंभीर बाब आहे की तिचा निर्णय घाईने कधीही करू नये. म्हणूनच शहाणी माणसं घराचा निर्णय एका रविवारी दुपारी पाऊण तासात उरकतात आणि पुढचे दोन महिने त्याहून सोप्या गोष्टीची काळजी करण्यात घालवतात. जर्मनीत या सोप्या गोष्टीला नोटार म्हणतात.

नोटार म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसतो तो नोटरी नव्हे. हा सरकारने नेमलेला भारदस्त कायदेपंडित असतो आणि त्याच्याशिवाय जर्मनीत घराची खरेदी-विक्री होऊच शकत नाही. तो घेणाऱ्याच्या बाजूचा नसतो आणि देणाऱ्याच्याही. दोघांना समोर बसवून तो सबंध करार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो, कारण लोक कागद स्वतःहून वाचत नाहीत हे तिथल्या कायद्याने फार पूर्वीच ओळखलेलं आहे. (ऐकत तरी असतील, अशी कायद्याची भाबडी समजूत दिसते.) त्याची फीसुद्धा कायद्याने ठरलेली, त्यात घासाघीस नाही. थोडक्यात, देशातले सगळे नोटार सारख्याच पैशांत, सारख्याच तटस्थपणे, सारखंच काम करतात. अशा परिस्थितीत योग्य नोटार निवडणं किती अवघड आहे याची सामान्य माणसाला कल्पना यायची नाही. ती हृषिकेश निगुडकरला आली.

हृषिकेश मूळचा पुण्याचा. डार्मश्टाटमध्ये उपग्रहांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत तो अकरा वर्षं नोकरीला होता. ऑफिसचा कारभार इंग्रजीत चालायचा, त्यामुळे त्याचं जर्मन तीन शब्दांवर भागलं होतं: जा (म्हणजे हो), गेनाऊ (अगदी बरोबर) आणि आल्झो (तर मग). पण हे तीन शब्द तो इतक्या अचूक जागी टाकायचा की समोरचा जर्मन माणूस वीस-वीस मिनिटं निर्धास्त बोलत राहायचा. त्याची बायको देवश्री एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. सुजलेल्या गालातून बाहेर पडणारं जर्मन तिला फोनवरही कळत असे. हे कौशल्य घरात विशेष उपयोगाचं नाही, असं हृषिकेशचं मत होतं.

घर त्यांनी एबरश्टाटमध्ये पाहिलं. दुमजली, मागे बाग, बागेत सफरचंदाचं झाड, ट्राम चार मिनिटांवर. मालक हेर (म्हणजे श्रीयुत) वेंडेल नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते. बागेकडच्या तळमजल्यावरच्या खोलीत एक म्हातारी बाई शब्दकोडं सोडवत बसली होती. ती हसली. हेही हसले. हेर वेंडेल म्हणाले, ही माझी बहीण, हानेलोरं. बहीण भावाकडे आली आहे, यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

"ही खोली आईबाबांना," देवश्री हळूच म्हणाली. तिचे आईवडील मे महिन्यात सहा महिन्यांसाठी यायचे होते. वडिलांचे गुडघे कामातून गेले होते, आणि हृषिकेश, देवश्री व त्यांची मुलगी इरा राहत होती त्या भाड्याच्या घरापर्यंत चार जिने होते. घर घ्यायचं ठरलं त्याचं निम्मं कारण हे जिने होते.

किंमत आसपासच्या घरांपेक्षा बरीच कमी होती. हृषिकेशने आणखी पाच हजार कमी करायला सांगितलं आणि हेर वेंडेलनी तिथल्या तिथे होकार दिला. यावरून आपण वाटाघाटीत किती तयार आहोत हे हृषिकेशला समजलं. जाहिरात त्याने ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत स्वतः वाचली होती. तिच्यात शेवटच्या ओळीत 'वोनरेश्ट' असा शब्द होता, त्याचा अर्थही त्याने काढला होता: राहण्याचा हक्क. राहण्याचा हक्क आहे, हे चांगलंच होतं. तो नसता तर घर घ्यायचं कशाला?

इथे घराचा विषय संपला आणि नोटाराचा सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात हृषिकेशने परिसरातल्या एकतीस नोटारांचा तक्ता केला. फी, अधिकार आणि तटस्थता हे तीन रकाने सगळीकडे सारखेच भरले गेले, म्हणून ते त्याने काढून टाकले. मग फरक पडेल असे रकाने उरले: घरापासूनचं अंतर, पार्किंग, प्रतीक्षालयातल्या खुर्च्या, कॉफी (मशीनची की थर्मासची), वेबसाइटवरच्या फोटोतला चेहरा आणि दर मिनिटाला वाचून होणारे शब्द. या शेवटच्या रकान्यासाठी त्याने नऊ कार्यालयांना फोन केले. सहा ठिकाणी त्याला प्रश्न पुन्हा विचारावा लागला. दोन ठिकाणी तो समजल्यावर फोन ठेवण्यात आला. एका ठिकाणच्या बाई मात्र म्हणाल्या, "फार फास्ट वाचतात." त्यांच्या आवाजात तक्रार होती, पण तक्त्यात आवाजाचा रकाना नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारणा केली. चोवीस तासांत सत्तेचाळीस उत्तरं आली. बाड हॉम्बुर्गच्या मीनलने लिहिलं की तिचा नोटार सह्या झाल्यावर चॉकलेट देतो. झिंडेलफिंगेनहून पद्माकरकाकांचा थेट फोन आला. काका मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेले, आणि तीन घरं घेतलेले.

"अरे, एकच गोष्ट बघ," काका म्हणाले. "वाचताना मध्ये थांबणारा नको. आमचा चोवीस पानं एकतीस मिनिटांत संपवतो. शेवटी तर मला डुलकी लागली होती."

"आणि सही?"

"सहीला उठवतो ना. गेनाऊ वेळेवर."

हृषिकेशने हे लिहून घेतलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सासरे आले. यशवंतराव पुण्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हेडक्लार्क होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांची कागदपत्रं वाचून त्यांना एक वाईट सवय लागली होती: ते प्रश्न विचारत.

"जावईबापू, जागेवर कोणाचा बोजा वगैरे आहे का, ते पाहिलंत का?"

"अहो बाबा, इथे तसं काही नसतं. इथे नोटार असतो."

"मग त्याने पाहिलं का?"

"तो सगळं बघतो. आणि तो पूर्ण न्यूट्रल असतो."

"म्हणजे तुमच्याही बाजूचा नाही," यशवंतराव म्हणाले.

हृषिकेशने हसून विषय बदलला. जुन्या पिढीला पद्धतशीर देश कसा चालतो हे समजावणं कठीण जातं.

सातव्या आठवड्यात निवड झाली. एकोणीस किलोमीटरवरच्या गावातला, पाचपैकी चार पूर्णांक सहा गुणांचा, फार फास्ट वाचणारा नोटार. आता निर्धास्त झालेल्या हृषिकेशने भाड्याचं घर सोडण्याची नोटीस दिली. सहीच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी कराराचा मसुदा आला, सव्वीस पानांचा. त्याने तो आल्याबरोबर उघडला, फाइल नीट उघडते आहे याची खात्री केली, आणि तक्त्यात 'कागदपत्रं वेळेवर' या रकान्यात हिरवी खूण केली.

"तू वाचलास का रे तो?" देवश्रीने विचारलं. "मला पाठव, रात्री बघते."

"अगं, तो वाचून दाखवतोच. त्याचेच तर पैसे घेतो. दोनदा कशाला?"

देवश्रीचा तो आठवडा दवाखान्यात दुप्पट पाळ्यांचा होता. ती बरं म्हणाली.

ठरलेल्या दिवशी सगळे जमले. खुर्च्या तक्त्यात लिहिल्या होत्या तशाच निघाल्या, याचा हृषिकेशला आनंद झाला. नोटाराने सगळ्यांचे पासपोर्ट तपासले आणि चष्म्यावरून विचारलं, दोघांनाही जर्मन पुरेसं समजतं ना, की दुभाषी लागेल?

"जा, गेनाऊ," हृषिकेश म्हणाला. यातून दोन्ही प्रश्नांचं उत्तर मिळालं असं धरण्यात आलं.

वाचन सुरू झालं. वेग खरोखरच वाखाणण्यासारखा होता. हृषिकेशने मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली होती. नवव्या मिनिटाला आठ पानं झाली होती. पद्माकरकाकांचा एकतीस मिनिटांचा विक्रम सहज मोडणार, असा हिशोब त्याच्या डोक्यात चालू असतानाच देवश्रीने हात वर केला.

"माफ करा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचाल का? सावकाश."

नोटाराने चष्मा सारखा केला आणि सावकाश वाचलं. सावकाश वाचल्यावर त्याचा अर्थ असा निघाला: फ्राउ (श्रीमती) हानेलोरं वेंडेल यांना सदर घरातल्या तळमजल्यावरच्या बागेकडील खोलीत आजन्म राहण्याचा हक्क आहे, तसेच स्वयंपाकघर, न्हाणीघर व बाग सामाईक वापरण्याचा हक्क आहे, हा हक्क सरकारी दप्तरात नोंदलेला असून, मालक बदलला तरी तो कायम राहील.

हृषिकेशचं घड्याळ चालू होतं.

"पण हे जाहिरातीतच होतं," हेर वेंडेल गोंधळून म्हणाले. "वोनरेश्ट. किंमत म्हणूनच तर कमी आहे. मी तुमच्या मिस्टरांना बहीण दाखवलीसुद्धा."

सगळ्यांनी हृषिकेशकडे पाहिलं. अकरा वर्षांत प्रथमच त्याला तिन्ही शब्दांपैकी एकालाही जागा सापडेना. शेवटी तो म्हणाला, "आल्झो..." आणि तो शब्द तसाच टेबलावर पडून राहिला.

"आज सही करू नका," नोटार म्हणाला. तो पहिल्यांदाच सावकाश बोलत होता. "वाचून दाखवतो ते याचसाठी."

बाहेर पार्किंगमध्ये (गुण पाचपैकी पाच) देवश्री गाडीला टेकून उभी राहिली.

"दोन महिने तू रोज काहीतरी वाचत होतास," ती म्हणाली. "काय वाचत होतास?"

"नोटार," हृषिकेश म्हणाला.

ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांना मी काय सांगू?" आणि या एका प्रश्नाला हृषिकेशच्या कुठल्याही तक्त्यात रकाना नव्हता. त्याने खिशातून फोन काढला, सव्वीस पानांची ती फाइल उघडली आणि तिथेच उभ्या-उभ्या, शब्द शोधत शोधत, पहिल्या पानापासून वाचायला लागला. चौथ्या पानावर देवश्रीने फोन त्याच्या हातातून घेतला आणि पुढचं ती वाचून दाखवू लागली.

दुसऱ्या दिवशी देवश्री एकटीच फ्राउ वेंडेलना भेटायला गेली. खोली बदलून घ्याल का, वरची देते, असं विचारलं. फ्राउ वेंडेलनी गुडघे दाखवले. ते यशवंतरावांच्या गुडघ्यांइतकेच कामातून गेलेले होते. दोघींनी कॉफी घेतली. भाड्याच्या घराची नोटीस गेलेली, एवढ्या पैशांत दुसरं घर नाही. दोन आठवड्यांनी त्यांनी सही केली. करार त्याच नोटाराने वाचला. या वेळी एक तास अठ्ठावन्न मिनिटं लागली, कारण हृषिकेश दर पानाला थांबवत होता.

आता त्या घरात दुपारी एक ते तीन कुकरची शिट्टी होत नाही. विश्रांतीची वेळ असते. कचऱ्याचे डबे फ्राउ वेंडेल तपासतात, आणि चहाची पूड चुकून कागदाच्या डब्यात गेली तर ती सन्मानपूर्वक दाराशी परत ठेवतात. मे महिन्यात यशवंतराव सासूबाईंना घेऊन आले. सतरा पायऱ्या चढून ते वर राहिले, रोज दोनदा खाली उतरले. जाताना एकदाच म्हणाले, "बाई चांगली आहे हो. पण बोजा तो बोजाच." नऊ वर्षांची इरा मात्र खूश आहे. आईबाप मराठीत विचारतात आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते, असा त्या घरचा रिवाज. आता तिची पूर्ण उत्तरं ऐकायला वेळ असलेलं माणूस तळमजल्यावरच आहे.

या अनुभवामुळे हृषिकेश आपल्या लोकांमध्ये घरखरेदीचा तज्ज्ञ मानला जाऊ लागला. गेल्या वर्षभरात त्याला तेवीस जणांनी फोन केले. प्रत्येकाला तो सगळी हकिगत काहीही न लपवता सांगतो: जाहिरात, बहीण, खोली, सासऱ्यांचे गुडघे. सगळे अगदी मन लावून ऐकतात. मग घसा खाकरून विचारतात, "बरं, पण तो नोटार नऊ मिनिटांत आठ पानं, म्हणजे फास्टच ना? नंबर पाठवतोस का?"

त्यांना हसण्याचं कारण नाही. तुमच्या स्वतःच्या घराचा करारनामा कुठल्या कपाटात, कुठल्या रंगाच्या फाइलमध्ये आहे, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तिसऱ्या पानावर काय लिहिलं आहे, तेवढं सांगा.