रुळावरचे गूळ-फुटाणे

मागचं दार काचेचं आणि सरकतं करायचं, हा श्यामलाबाईंचा हट्ट. असलं दार म्हणजे चोराला अक्षत देऊन बोलावणं, ही शामसुंदर गुरुजींची खात्री. मखमलाबाद रोडवरच्या त्या रो-हाउसमध्ये बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. शेवटी दार आलं, पण गुरुजींच्या अटींवर. काच जाड हवी, कडी दणकट हवी, आणि मागच्या अंगणाची भिंत डोक्याच्या वर चढवून तिच्यावर लोखंडी भाले हवेत. चोराने बाहेरून आत यायचा विचारही करू नये, असा तो बंदोबस्त होता. घरातलाच माणूस बाहेर अडकला तर काय, हे मात्र कोणालाच सुचलं नाही.

"पण अहो, याला उंबरठा कुठाय?" पहिल्याच दिवशी श्यामलाबाईंनी विचारलं. "तुळशीकडे जायचं दार हे. हळदकुंकू वाहू कुठे?"

गुरुजी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या घराण्यातले. शास्त्रार्थ विचारला आणि उत्तर दिलं नाही, असं त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेलं नाही. पेपरातून मानही वर न करता ते म्हणाले, "दार ज्याच्यावर टेकतं तो उंबरठा. रूळ हाच उंबरठा."

झालं! रोज सकाळी दाराच्या ॲल्युमिनियमच्या रुळात ओलं हळदकुंकू आणि अक्षता पडू लागल्या. दार बसवणारा महेश एकदा बघायला आला आणि म्हणाला, "काकू, रुळात कचरा साठू देऊ नका. रोज ब्रश मारत जा."

"कचरा? अरे, कुंकू आहे ते!" श्यामलाबाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दार कुरकुरायला लागलं. गुरुजींनी तेल सोडायला सांगितलं. समईतलं उरलेलं तेल रुळात गेलं, आणि हळद, कुंकू, तांदूळ यांचा जो काही लगदा तयार झाला, त्याने भिंतीला टाइल्स चिकटवता आल्या असत्या.

अशातच तो शुक्रवार उजाडला. गुरुजींचे यजमान गोरक्षराव, नामपूरचे कांद्याचे व्यापारी, यांच्या पाथर्डी फाट्यावरच्या नव्या घराची त्या दिवशी वास्तुशांत होती. घर दोन महिन्यांपूर्वीच तयार होतं. पण गुरुजींनी पंचांग मिटून सांगितलं होतं, "मुहूर्त म्हणजे मुहूर्त. साडेनऊचा हा एकच. पुढे वर्षभर नाही." गोरक्ष बिचारा बायकापोरं घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत थांबला होता.

गुरुजी आंघोळ करून ओलेत्याने अंगणात आले. दोरीवरचं सोवळं काढायचं होतं. मांजर आत शिरू नये म्हणून त्यांनी दार मागे जोरात ओढलं. कर्रर्र असा आवाज झाला. सोवळं नेसून ते परतले, तर दार हलेना.

"अगं, कडी काढ!"

"कडी लावलेलीच नाहीये. तुम्ही ढकला."

"ढकलतोय! तू ओढ."

दोघांची ही ओढाताण चालू असतानाच पुढच्या दारातून गोरक्ष आला. "गुरुजी, चला! गाडी चालूच ठेवलीय. पाव्हणे सगळे आले." मग त्याला काचेपलीकडचे गुरुजी दिसले. त्याने सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि दाराला हिसका दिला. कांद्याची गोणी लीलया उचलणारा गडी तो, पण दार ढिम्म.

"लय घट्ट बसलंय हे. काकू, रुळात काय घातलंय?"

"काही नाही हो. आज शुक्रवार, म्हणून गूळ-फुटाणे ठेवले होते."

"रुळात?"

"उंबरठा आहे तो! यांनीच सांगितलंय."

गोरक्षने काचेतून गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी तुळशीकडे पाहू लागले.

"मंग भिंतीवरून उडी मारा," गोरक्ष म्हणाला.

"सोवळ्यात? त्या भाल्यांवरून?"

"सोवळं सोडून मारा."

"अहो, शेजारी आहेत!" श्यामलाबाई किंचाळल्या.

साडेनऊ जवळ येत होते. गोरक्षचा फोन सारखा वाजत होता. तो तडक स्वयंपाकघरात गेला आणि वरवंटा घेऊन आला. "सरका बाजूला, गुरुजी. काच फोडतो. नवी बशिवून देतो, पण मुहूर्त चुकायचा नाय."

"माझी काच!" म्हणत श्यामलाबाई खाली बसल्या आणि केसातला आकडा काढून रूळ खरवडू लागल्या. पलीकडून गुरुजी दोन्ही हात पसरून काचेला चिकटले.

"खबरदार! शुभकार्याला निघताना काच फोडायची? केवढा अपशकुन!"

"आन् मुहूर्त गेल्यावर?"

गुरुजींनी डोळे मिटले. बोटांच्या पेरांवर अंगठा भराभर फिरवला. मग चेहरा उजळला.

"गोरक्षराव, काळजी नको. अभिजित मुहूर्त आहे! भर दुपारचा. सर्व दोषांचा नाश करणारा. साडेनऊपेक्षा काकणभर सरसच."

गोरक्षचा वरवंटा खाली आला. त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने काचेआडूनच हात जोडले. घरी फोन करून स्वयंपाक जरा उशिरा उरका म्हणून सांगितलं. मग त्याच्या कपाळावर एक आठी पडली.

"गुरुजी, हा अभिजित कधी कधी असतो?"

"रोज," गुरुजी आनंदाच्या भरात बोलून गेले. "फक्त बुधवार वर्ज्य."

"रोज?" गोरक्ष काचेच्या अगदी जवळ आला. "मंग आमी दोन महिने त्या खुराड्यात कशापायी काढले?"

गुरुजींच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. इतका वेळ त्यांना शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता. आता त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली. "काय म्हणालात? काच फार जाड आहे हो. काही ऐकूच येत नाही!"

"निघाला!" खालून श्यामलाबाई ओरडल्या. गुळात बुडालेला एक फुटाणा त्यांनी आकड्याच्या टोकावर वर धरला आणि दाराला नुसतं बोट लावलं. दार सुरकन बाजूला सरकलं.

गोरक्षने वरवंटा दुसऱ्या हातात घेतला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.