शंभर श्रोत्यांची अट

"शंभर! एकही कमी चालणार नाही. शंभर माणसं समोर बसली तरच मी बोलेन, नाहीतर तुमचं ग्रंथालय आणि तुमचा वर्धापनदिन तुम्हालाच लखलाभ!" असं ओरडून विष्णुपंतांनी फोन आपटला. हल्लीचा फोन धड आपटताही येत नाही, काच फुटते. म्हणून तो त्यांनी गादीवर आपटला, आणि गादीवर आपटावा लागला याचाही त्यांना राग आला.

विष्णुपंतांना राग कशाचा यायचा हे विचारण्यात अर्थ नव्हता. कशाचा यायचा नाही ते विचारा. सांगलीच्या एका शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, तेव्हा मुलांइतकेच बाकीचे मास्तरही सुटले असं लोक म्हणायचे. पण या तापट माणसाला एक नाद होता. इंग्रजीतले जोडीनं चालणारे, यमक जुळवत येणारे शब्द ते गोळा करत. होकस-पोकस, विली-निली, हॉज-पॉज. शब्द आला कुठून, आधी त्याचा अर्थ काय होता, पुढं तो कसा फिरला, हे सगळं बारीक अक्षरात एकेका कार्डावर. कार्डं बुटांच्या खोक्यांत. खोकी अकरा. आणि अकराच्या अकरा उमाबाईंच्या कपाटात, साड्यांच्या जागेवर.

"आपण चहाबिहा म्हणतो, भांडणबिंडण म्हणतो. त्याची कुणी कार्डं करतं का?" उमाबाई विचारत.

"तुला नाही कळायचं!"

"मला नाही, शेजाऱ्यांना नाही, तुमच्या मुलाला नाही. मग कुणाला कळणार आहे? अहो, एकदा तरी कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलेलं मला दाखवा. नाहीतर सोमवारी रद्दीवाला येतोय."

"लोक उठून गेले तर मी स्वतः खोकी खाली नेऊन देईन! स्वतः!" विष्णुपंत रागाच्या भरात बोलून गेले. बोललेला शब्द मागं घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तीस वर्षांची कार्डं आता एका रविवारच्या भाषणावर टांगलेली होती.

भाषणाचं निमंत्रण होतं तासगावच्या पलीकडच्या एका गावातून. ग्रंथालयाचे अध्यक्ष हंबीरराव हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आपटलेल्या फोननंतर त्यांनी पुन्हा फोन करून एवढंच सांगितलं होतं, "व्हय सर. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

रविवारी दुपारी तासगावच्या स्टँडवर हंबीरराव जीप घेऊन हजर होते. कार्यक्रम बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये. विष्णुपंत आत शिरले आणि जागच्या जागी थबकले. शेड भरलेलं! फेटे, टोप्या, नऊवारी, सहावारी, सगळे ताठ बसलेले, जणू शब्दांच्या उगमाची गावाला तहानच लागली होती. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. सोबत येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या उमाबाईंकडे त्यांनी 'आता बोल' अशा नजरेनं पाहिलं.

मग ग्रंथपाल नाथाजीनं माईक हातात घेतला. "आजचे प्रमुख वक्ते, विद्येचे महामेरू, यांच्या अमृतवाणीआधी आपण सत्काराचा छोटासा कार्यक्रम उरकून घेऊ. सत्कार पाहुण्यांच्या शुभहस्ते होतील."

विष्णुपंतांनी मान डोलावली. दोन-चार सत्कार चालायचेच. पहिला सत्कार गावातून प्रथमच विमानात बसलेल्या गृहस्थांचा. दुसरा मोतीबिंदूचं ऑपरेशन यशस्वी झाल्याबद्दल. तिसरा बोअरला पाणी लागल्याबद्दल. शाल एकच होती. विष्णुपंतांनी ती घालायची, माणसानं बेदाण्याची पुडी घ्यायची, फोटो काढायचा, आणि मंचाच्या मागं नाथाजीनं शाल काढून पुढच्यासाठी परत आणायची.

पंधरावा सत्कार झाला तेव्हा विष्णुपंतांच्या कपाळावरची शीर फुगली. "हंबीरराव, किती आहेत अजून?"

"पंच्याऐंशी."

"काय?"

"शंभर मानसं पायजेत म्हनला न्हवं का? आवं सर, भाषणाला आमच्या गावात चिटपाखरू येत न्हाई. सत्काराला मातर आजारी माणूस बी उठून येतंय. मग शंभर जणांचा सत्कार ठिवला. कुणाला सत्कारासाठी कारन न्हवतं, त्येला कारन काढून दिलं."

विष्णुपंतांनी हातातली शाल रागानं झटकली. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं ते याहून भयंकर होतं. सत्कार झालेला माणूस मंचावरून उतरायचा, पुडी खिशात घालायचा आणि थेट दारातून बाहेर पडायचा. त्याचं काम झालेलं असायचं. समोरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत चालल्या होत्या, आणि त्या रिकाम्या करण्याचं काम विष्णुपंत स्वतःच्या हातांनी, शाल घालून करत होते. शंभरावा सत्कार झाला की उरणार कोण? उमाबाई. त्यांनी पर्समधून फोन काढला होता. रद्दीवाल्याचा नंबर तर शोधत नसेल ही?

एकेचाळीस झाले. बेचाळिसावे होते गावच्या दूधसंस्थेचे सचिव दिग्विजयराव. पांढरेशुभ्र कपडे, हाताचा तळवा आधीच पुढं केलेला. त्यांनी पुडी घेतली, फोटो काढला आणि पाठ फिरवली. विष्णुपंतांनी शालीची दोन्ही टोकं गच्च धरली. दिग्विजयराव शालीसकट मागं ओढले गेले.

"पळताय कुठं?" विष्णुपंत माईकवरून गरजले. पत्र्याचं शेड हादरलं. "पुडी घेऊन पळायचं? लाज नाही वाटत? मी शब्द घेऊन आलोय सांगलीहून! शब्द घेतल्याशिवाय एकानं खाली उतरायचं नाही! तुमचा शब्द, विशी-वॉशी! इंग्रजीत पूर्वी पाणी जास्त झालेल्या पातळ पेयाला विशी-वॉशी म्हणायचे. पुढं अर्थ फिरला, आणि ज्याच्यात काही दम नाही अशा माणसालाही तेच म्हणायला लागले! जा आता!"

दूधसंस्थेच्या दुधाबद्दल गावात जे वर्षानुवर्षं कुजबुजत बोललं जात होतं, ते परगावच्या पाहुण्यानं माईकवर सांगितलं होतं. मागून एक म्हातारा आवाज आला, "आवं मास्तर, पुन्यांदा म्हना की! त्ये पाण्याचं म्हना!"

आणि मग जो हशा उठला तो थांबेचना. दाराबाहेर तंबाखू मळत थांबलेले लोक काय झालं म्हणून परत आत आले. दिग्विजयराव लालबुंद होऊन खुर्चीवर बसले. उठून जायची सोय नव्हती, गेले असते तर दुधातलं पाणी कबूल केल्यासारखं झालं असतं.

तो म्हातारा आवाज बनुबाईंचा होता. त्रेचाळिसावा सत्कार त्यांचाच. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई तरातरा मंचावर चढली. "पुडी ऱ्हाऊ द्या. माझा शबूद कुटला?"

"हॉयटी-टॉयटी!" विष्णुपंत खेकसले. त्यांचा राग अजून उतरला नव्हता. "आधी अर्थ होता उनाड, हुंदडणारी. मग फिरला. आता नाक वर करून चालणाऱ्या शिष्ट बाईला म्हणतात."

बनुबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजी पोरपनी उनाड आन् म्हातारपनी नाक वर? आगं बया! ह्यो तर माझ्या सगळ्या जल्माचा हिशेब हाय!"

त्यानंतर बांध फुटला. नाथाजीला होकस-पोकस मिळाला, कारण जादूगार लोकांचं लक्ष उडवायला खोटं लॅटिन बडबडायचे, 'अगदी तुमच्या निवेदनासारखं'. जीप सैरावैरा हाकणाऱ्या हंबीररावांना हेल्टर-स्केल्टर, कारण त्याचा अर्थच सैरावैरा. लोक मंचावर येत, शिव्या खाल्ल्यासारखा शब्द खात आणि छाती फुगवून खाली उतरत. घरी कुणी जाईना. शेजाऱ्याला कुठला शब्द मिळतो हे कळल्याशिवाय जाणार कसे? त्यात पहिले एकेचाळीस रुसले. "आमाला नुसती पुडी व्हय? आमचा सत्कार पुन्यांदा करा!" म्हणून ते पुन्हा रांगेत उभे राहिले. विष्णुपंत त्यांच्यावर ओरडले, त्यांनी शब्द मागितला म्हणून ओरडले, लक्षात ठेवला नाही म्हणून परत बोलावून ओरडले. उमाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, तर त्यांच्यावरही ओरडले. सव्वासातला हंबीररावांनी त्यांना अक्षरशः उचलून जीपमध्ये बसवलं, तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

सोमवारी रद्दीवाल्यानं खालून हाक मारली. उमाबाईंनी गॅलरीतून सांगितलं, "आज काही नाही हो." विष्णुपंत आत खोकी पुसत बसले होते. घसा बसला होता, त्यामुळे घरात शांतता होती.

पंधरा दिवसांनी हंबीररावांचा फोन आला. "सर, गावात दंगा झालाय. बनुबाईचा फ्लेक्स लागलाय चौकात. 'हॉयटी-टॉयटी बनुबाई यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा.'"

"अहो, पण ते नाव ठेवणं आहे! मी सांगितलं ना, शिष्ट!"

"आता न्हाई ऱ्हायलं तसं. आता जिच्या शब्दाला घरात मान हाय, ती हॉयटी-टॉयटी. पोरगी बघाय आलेलं पाहुनं बी इचारत्यात, पोरगी हॉयटी-टॉयटी हाय न्हवं? आन् हॉज-पॉज म्हंजी भोगीची भाजी."

"चूक! साफ चूक!" विष्णुपंत ओरडले. "हॉज-पॉजचं एक वेळ सोडा, तो मुळात सगळं घालून केलेला रस्साच होता. पण हॉयटी-टॉयटी? तीस वर्षं घातली मी त्या अर्थांवर! कुणी अधिकार दिला तुम्हाला अर्थ फिरवायचा? बंद करा! ऑर्डर आहे माझी!"

"फौज बंद पडंल सर, बनुबाई न्हाई," असं म्हणून हंबीररावांनी फोन ठेवला.

विष्णुपंतांनी फोन गादीवर आपटला आणि उमाबाईंकडे वळले. "ऐकलंस? अडाणी! शब्दाचं पार वाटोळं केलं! पंधरा दिवसांत!"

उमाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि तुमच्या त्या अकरा खोक्यांत दुसरं काय लिहिलंय हो?"

विष्णुपंतांनी खोक्यांकडे पाहिलं. मग रागारागानं उठले, रागारागानं टेबलाचा खण ओढला, एक कोरं कार्ड काढलं आणि पेनाचं टोक जवळजवळ मोडत लिहू लागले. हॉयटी-टॉयटी. अर्थ तिसरा. तालुका तासगाव.

लिहून झालं. खोकं उघडलं तर त्यात कार्ड शिरेना. अकराही खोकी ठासून भरलेली. विष्णुपंत पुन्हा ओरडायच्या बेतात होते, तोच उमाबाई उठल्या. कपाटातून त्यांनी आपल्या नव्या चपलांचं खोकं काढलं, चपला जमिनीवर ठेवल्या आणि रिकामं खोकं त्यांच्यापुढं सरकवलं.

"लहान आहे हे," विष्णुपंत खेकसले.

"मग मोठ्या पायांची बायको करायची होतीत," उमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा निवडायला बसल्या.