गोदडीतले आल्बम

मे महिन्यात, भर दुपारी, डोक्यावरून गोदडी ओढून गाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी नेहमी पाहतो, कारण माझ्या ओट्यावरून भटू आप्पांची खाट दिसते. आत आप्पा घामाने निथळत असतात, मोबाइल पेल्याला टेकवलेला असतो, आणि नंदुरबारच्या उन्हात त्यांचा नवा आल्बम तयार होत असतो.

आप्पा धानोऱ्याच्या एका लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचे. ऐन लग्नसराईत त्यांनी बँड सोडला, आणि तेव्हापासून हे एकट्याचे आल्बम सुरू झाले. शब्द त्यांचे, चाल त्यांची, कॅसिओ त्यांचा. आवाजही त्यांचाच, हीच काय ती अडचण.

गोदडी घेऊनही बाहेरचे आवाज आत शिरतातच. एका विरहगीतात आप्पांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, "च्या ठंडा व्हई ऱ्हायना", चहा थंड होतोय, हे स्पष्ट ऐकू येतं. दुसऱ्या गाण्याच्या वेळी आमच्याकडे मिरची कांडत होते, त्यामुळे अख्खं कडवं खोकल्यात गेलं. काढून टाका म्हटलं तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे. घरना आवाज शे."

खोकल्याचं एक वेळ ठीक. पण प्रत्येक गाण्यात एके ठिकाणी आप्पा ताल चुकतात आणि चूक तशीच ठेवतात. कॅसिओवर जन्म काढलेल्या माणसाला हे कळू नये? मला भारी राग यायचा.

आल्बम झाला की आप्पा विसरवाडीची एसटी पकडतात. मागच्या खेपेला मीही सोबत गेलो. तिथे हिरालालभाऊ राहतात. बँडचे गायक, आप्पांचे जोडीदार. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. बँडने लगेच नवा गायक उभा केला, आणि आप्पा त्याच दिवशी कॅसिओ उचलून घरी आले. हे मला एसटीत कळलं.

हिरालालभाऊंनी डोळे मिटून गाणं ऐकलं. ताल चुकला तसा त्यांनी झटकन हात वर केला. कपाळाला आठ्या घालून गुडघ्यावर थाप देत बरोबर ताल दाखवला. पुढे आणखी एकदा हात वर गेला. आप्पा समोर मांडी घालून मान हलवत होते. निघताना हिरालालभाऊंच्या बायकोने आम्हाला दारात गाठलं. "कालपासून दरवाजाकडे देखी ऱ्हायनात," ती म्हणाली. "दुसरं कोनी येस नही."

परतताना मी विचारलंच, "आप्पा, ती चूक तुम्ही मुद्दाम ठेवता ना?"

"मी आख्खं बरोबर गायं तं त्याले काय काम ऱ्हाई, भाऊ?"

मग आप्पाच पुढे म्हणाले, "आज त्यानी दोन चुका धऱ्यात. दुसरी माले बी माहीत नव्हती."

इतकं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.