आयुष्य खाणारा डबा

माझ्या लग्नाचा एकच फोटो आहे आणि तो वऱ्हाडाच्या लॉरीचा आहे. त्यात मी नाही, बायको नाही, भटजीसुद्धा नाहीत. पाहुण्यांनी फोटो मागितला की बायको तो पुढे करते आणि माझ्याकडे बघते.

फोटो काढला सुपडूआप्पांनी. नंदुरबारच्या स्टेशन रस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. नवापूरच्या मिशनमधले एक पाद्रीबाबा मायदेशी जाताना आपला डबा-कॅमेरा त्यांना देऊन गेले, तेव्हापासून आप्पा फोटोवाले झाले. अट एकच, फोटोत माणूस नको. बैलगाडी चालेल, पण गाडीवान खाली उतरला पाहिजे.

"हाऊ डबा आयुष्य खास रे भाऊ," ते सांगत. त्यांच्या थोरल्या भावानं सारंगखेड्याच्या यात्रेत हौसेनं फोटो काढून घेतला आणि आठ दिवसांत तो तापानं गेला. तसा हा समज तेव्हा गावात पुष्कळांचा होता. फक्त त्या पुष्कळांकडे कॅमेरा नव्हता.

मग फोटो काढायचे कशाचे? आप्पांनी फार विचार करून कोळशाची मालगाडी निवडली. पॅसेंजरच्या खिडक्यांत माणसं बसतात, मालगाडीच्या उघड्या डब्यांत, म्हणजे वाघिणींत, नुसता कोळसा. "लोखंडनी गाडी, तिले काय आयुष्य?" गावाबाहेरच्या वीजघरासाठी भुसावळकडून ही गाडी येई आणि आमच्या मालधक्क्यामागच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, लागे. मी माल ऑफिसात कारकून. गाडी यायची असली की आप्पांना निरोप देणं हे माझं बिनपगारी काम होतं. ड्रायव्हर बिचारा आप्पा दिसले की आपण होऊन खाली वाकायचा. भरलेला रोल धुवायला गार्डाबरोबर सुरतेला जाई, आणि तिथून वाघिणी, वाघिणी आणि वाघिणी छापून परत येत.

असं बरीच वर्षं चाललं. मग साठ सालानंतर कधीतरी मोठ्या खांबांवरून बाहेरची वीज गावात आली आणि वीजघर बंद करायचं ठरलं. कोळशाच्या आणखी तीनच गाड्या येणार होत्या. मी ते आप्पांना सांगितलं, तर त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"मन्हा डबाच लागना तिले," ते म्हणाले.

"आप्पा, तारा उन्यात म्हणीसन गाडी बंद व्हई ऱ्हायनी!"

"तूच सांग, इतला फोटो दुसरं कोणना काढात मी?"

त्यांनी कॅमेरा धोतराच्या फडक्यात बांधून घरच्या फळीवर टाकला. दोन गाड्या येऊन गेल्या, आप्पा दुकानातून हलले नाहीत. आपण फोटो काढला नाही तर गाडी वाचेल, असं त्यांच्या मनात होतं. आधी मी चार लोकांत सांगून हसलो. पण शेवटच्या गाडीच्या दिवशी सकाळी मला काही चैन पडेना. मी त्यांना आणायला घरी गेलो.

घरात चारही भिंतींवर वाघिणी होत्या. आप्पांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मी सहज विचारलं, "वहिनीना फोटो कोठे शे, आप्पा?"



"ती म्हने, मन्हा एक तरी काढा ना. मी सांगं, माले तू पायजे, तुन्हा फोटो नही." त्यांनी नाक पुसलं. "आते तीबी नही, फोटोबी नही. डोया मिटस तं तिनं तोंड नीट दिसत नही रे."

मला फार वाईट वाटलं. मी फळीवरचा कॅमेरा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला.

सायडिंगवर गाडी लागली होती. कोळसा उतरवणारी माणसं टोपल्या घेऊन उभी होती. त्यांचंही काम त्या दिवशी संपत होतं. आप्पांना बघताच सगळे सवयीनं वाघिणींपासून दूर झाले.

"कोठे चालनात? गाडीपुढे उभा ऱ्हावा," आप्पा म्हणाले.

कुणाला खरं वाटेना. मग एकेक करून ती सगळी वाघिणीपुढे येऊन उभी राहिली. पलीकडच्या डोंगराकडून कामाला येणारी एक बाई तेवढी मागेच थांबली. आप्पांनी तिला हाताला धरून आणावं तसं बोलावून पुढे घेतलं. तिनं पदर ओढून तोंड झाकलं.

"दादा, मन्हं आयुष्य तं कमी नही व्हई ना?"

आप्पांनी कॅमेरा छातीशी घट्ट धरला.

"फोटो नही काढा तरी जास, माय," ते म्हणाले. "पदर मांगे कर. वर देख."