खंडेनवमीची तोफ

पुंजारामला गावचा पोलीस पाटील व्हायचं होतं, आणि पोलिसांची त्याला भयंकर भीती वाटायची. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आता फक्त चारित्र्याचा दाखला राहिला होता. तो घ्यायला बायकोला, आवडाबाईला, घेऊन तो फुलंब्रीकडून शहरात आला, तर पोलीस साहेबांनी चार वाजता यायला सांगितलं. तोवर उन्हात कुठं बसायचं, म्हणून दोघं छावणीतल्या संग्रहालयात शिरले. समुद्राचं तोंडही न पाहिलेल्या या शहरात कुणा हौशी माणसानं एका जुन्या आरमारी लढाईचं आणि तीत बुडालेल्या फिरंगी जहाजाचं संग्रहालय थाटलं होतं.

आत गारवा होता, तरी पुंजारामला घाम फुटला. दारातच पाटी होती, वस्तूंना हात लावल्यास पोलिसांत दिलं जाईल. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि आवडाबाईलाही बांधायला लावले. तसाच जीव मुठीत धरून तो एकेक दालन पाहत गेला.

शेवटच्या दालनात समुद्राच्या तळातून काढलेली तोफ होती. तिथला पहारेकरी हबीब जागा सोडून चहाला गेला होता. पुंजाराम बुडत्या जहाजाच्या चित्रापुढं क्षणभर थबकला आणि मागं वळून पाहतो तर काय, आवडाबाईनं दोरीखालून वाकून तोफेला हळदीकुंकवाचा मळवट भरला होता.

"अगं, हे काय केलंस?"

"आज खंडेनवमी हाय. सकाळी इळ्या-कुऱ्हाडीला लावलं. मग एवढ्या थोरल्या हत्याराला लावायचं नाय व्हय?" पुडी कनवटीला खोचत ती म्हणाली.

गुन्हा, केस, हुकलेला दाखला, सगळं पुंजारामला दिसायला लागलं. त्यानं खिशातली दस्ती बाटलीतल्या पाण्यानं भिजवली आणि घासायला सुरुवात केली. वरचं कुंकू निघालं, पण तोफेच्या पाठीवर लाल रेघा उमटल्या. जितकं पुसावं तितक्या त्या ठळक होत गेल्या, आणि बघता बघता त्यांची फिरंगी अक्षरं झाली. आपला गुन्हाच कुणीतरी तिथं लिहून ठेवतंय, असं वाटून त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

तेवढ्यात हबीब परतला, आणि त्याच्या मागोमाग संग्रहालयाच्या प्रमुख, मेहरुन्निसा मॅडम. त्या तोफेपुढं गुडघ्यावर बसल्या आणि लाल रेघा जवळून पाहू लागल्या. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

पुंजारामनं लाल दस्ती खिशात कोंबली. "आम्ही नाय, मॅडम. आलो तव्हा आसंच व्हतं. ह्या भाईंनीच दसऱ्याचं लावलं आसंल."

आवडाबाईनं तोंड उघडलं, तसा त्यानं तिचा पाय दाबला. हबीबची वेगळीच पंचाईत झाली. मी इथं नव्हतो म्हणावं, तर नोकरी जायची. त्यानं मान खाली घातली.

"जी मॅडम, मैंनेच किया."

मॅडमनी उठून त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तोफ कोणत्या जहाजाची, हे अकरा वर्षं भल्याभल्यांना सांगता आलं नव्हतं, कारण खाऱ्या पाण्यानं अक्षरं झिजून नुसत्या डोळ्यांना दिसेनाशी झाली होती. आता कुंकू खाचांत बसलं आणि जहाजाचं नाव उघडं पडलं. लगेच फोटोवाला बोलावला गेला. शोध लावणारा म्हणून पाटीवर हबीबचं नाव घालायचंही ठरलं. फोटोत येताय म्हणून या नवराबायकोला बाजूला सरकवलं. हबीब मात्र फोटोतही घाबरलेलाच होता.

चार वाजत आले होते. दोघं फाटकाबाहेर आले.

"चला, दाखला घ्या," आवडाबाई म्हणाली. "केलं एकानं, नाव दुसऱ्याचं. पोलीस पाटलाचं काम तुम्हाला आत्तापासूनच येतंय."