चिंबोरी काही मरेना

"तुमाला काय करायचं नाय, बाबा. फक्त मार खायचा," हरेश म्हणाला.

पुंडलिकचा हात भाकरीवरच थांबला. रविवारच्या सकाळी पोरगा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर येऊन बसला, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पण बापाला मार खायला न्यायचं म्हणून स्वारी एवढी नटली असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. करंज्या लाटणाऱ्या त्याच्या बायकोनेही, काशीबाईनेही, लाटणं हातात तसंच धरून वळून बघितलं.

झालं होतं असं. कंपनीची शिफ्ट संपली की हरेश मोबाइलवर दैत्यदंगल नावाचा खेळ खेळायचा. त्यात जोडीशी जोडी भिडते. एकाने हाणामारीचा दैत्य घ्यायचा, दुसऱ्याने राखणीचा. टाळ्या सगळ्या हाणामारीवाल्याला. राखणीवाल्याने बिचाऱ्याने पुढे उभं राहून तडाखे खायचे आणि जोडीदाराच्या जखमांना मलम लावायचं. हरेशकडे आगीचा वाघ होता आणि त्याचा दोस्त प्रविण याच्याकडे चिंबोरी. चिंबोरी म्हणजे आपली खाडीतली खेकडीच, पण घराएवढी आणि पाठीवर शेवाळ चढलेली. या जोडीने पेणच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली आणि नेमका त्याच दिवशी प्रविणला सोडवायला येणारा माणूस कामावर आला नाही. प्रविण नागोठण्याला दुसऱ्या शिफ्टला अडकला.

बदली माणूस कुणीही चालेल, असं स्पर्धावाल्यांनी कळवलं होतं. हरेशने गावातल्या झाडून सगळ्या पोरांना विचारलं. वाघ देतोस तर आत्ता येतो, असं प्रत्येक जण म्हणाला. चिंबोरीचं नाव काढलं की एकेकाला घरची कामं आठवायला लागली. फुकटचा मार कोण खाणार? शेवटी घरात बाप तेवढा उरला.

पुंडलिकचं अर्धं आयुष्य धरमतरकडच्या मिठागरांवर फावडं मारण्यात गेलेलं. मोबाइल त्याच्या खिशात असायचा तो एवढ्याचसाठी, की लेकीचा फोन आला तर चुकू नये.

लेकीचं दुखणं त्या घरात मोठं होतं. किमयाला वैशाखात रोह्याला दिली. जावई रमेश सोन्यासारखा. पण लग्नात पुंडलिकने घोळ घातला. पहिला फेटा व्याह्यांच्या थोरल्या भावाला बांधायचा असं ठरलं होतं, आणि ते भाऊ मुंबईहून गाडीने येणार होते. गाडी आली, कोट आणि काळा चष्मा घातलेले एक रुबाबदार गृहस्थ उतरले, आणि पुंडलिकने वाकून, वाजतगाजत त्यांच्या डोक्याला फेटा बांधला. तो ड्रायव्हर निघाला. थोरले भाऊ मागच्या सीटवर झोपलेले होते. व्याही हैबतराव तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी सुनेला एकदाही माहेरी धाडलं नाही. पुंडलिक कितीदा रोह्याला जाऊन हात जोडून आला. दर वेळी चहा मिळाला, लेक मिळाली नाही. आता पहिला दिवाळसण तोंडावर आला होता. काशीबाई करंज्या लाटत होती खरी, पण खायला कोण येणार ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तर हरेशने बापाला शिकवलं. पडद्यावर तीन बटणं. निळं दाबलं की चिंबोरी वाघाच्या आड उभी राहते. हिरवं दाबून ज्याच्यावर बोट ठेवाल त्याला मलम लागतं. लाल म्हणजे नांगी. लालला मात्र चुकूनही हात लावायचा नाही, कारण नांगी मारायला गेली की चिंबोरी कवचाबाहेर येते आणि मग तिचं काही खरं नसतं.

"समोर कोण हाय?" पुंडलिकने विचारलं.

"हायत कोणतरी रोह्याची," हरेश म्हणाला आणि गाडीला किक मारायला बाहेर पळाला.

पेणच्या सभागृहात पाय ठेवल्याबरोबर पुंडलिक हबकला. त्याला वाटलं होतं चारदोन टवाळ पोरं असतील. तिथे खुर्च्या भरून माणसं, स्टेजवर भिंतभर पडदा आणि माइकवर एक पोरगा घसा फोडून बोलत होता. यांना उशीर झालेला, त्यामुळे दोघांना तसंच नेऊन बसवलं. मधोमध कापडाचा आडपडदा होता, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावू नये.

लढाई सुरू झाली. समोर एक उडता अजगर आणि राखणीला बगळी. पुंडलिकने सांगितल्याप्रमाणे निळं दाबलं, हिरवं दाबलं. चिंबोरीवर विजा पडल्या, दगड पडले, ती आपली जागची हलली नाही. माइकवाला पोरगा तिचं कौतुक करायला लागला तशी पुंडलिकची छाती थोडी वर आली. मार खाण्यात आपण हुशार आहोत, हे त्याला या वयात प्रथमच कळत होतं.

मग हरेशच्या वाघाने बगळीला धरली. तिची मान लुळी पडली. पुंडलिकने जरा निरखून पाहिलं, तर बगळीच्या डोक्यावर नाव लिहिलेलं होतं: किमू.

किमू तो एकाच माणसाला म्हणायचा. तो खुर्चीतून वाकला, आडपडद्याच्या कडेने पलीकडे बघितलं. हिरव्या बांगड्या घातलेली त्याची लेक मोबाइलवर मान घालून बसली होती. शेजारी जावई. आणि पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, खुद्द हैबतराव.

"बाबा, आड करा," हरेश दात आवळून म्हणाला. "निळं दाबा."

"मेल्या, बहिणीला मारतंस?"

"खेळ हाय तो. रमेशला नि मला एकमेकांना हरवायची सवय हाय. तुमाला सांगितलं असतं तर तुमी आला नसता. निळं दाबा आधी."

पुंडलिकने हिरवं दाबलं आणि बोट नेऊन बगळीवर ठेवलं. चिंबोरी पाय फेंगडत मैदान ओलांडून गेली आणि शत्रूच्या बगळीला मलम चोपडून आली. माइकवाल्या पोराचा आ वासला तो वासलाच. हरेश पांढराफटक पडला. बगळी मान झटकून उठली. वाघाने तिला पुन्हा लोळवली, पुंडलिकने पुन्हा उठवली. दारात आलेल्या लेकीला बापाने रिकाम्या हाताने धाडायची नसते, एवढंच त्याला कळत होतं.

आणि लेकीने काय करावं? बरी झालेली बगळी सरळ उडाली आणि तिने चिंबोरीचे दोन्ही डोळे फोडून तिला लोळवली. मागून अजगराने वाघाला गिळला. खेळ संपला, रोहा जिंकला. पुंडलिक मोबाइलकडे बघत बसला. डोळे चिंबोरीचे गेले होते, पण कळ त्याच्या काळजात गेली होती. सहा महिन्यांत पोर इतकी त्यांची झाली?

पलीकडे किमया तर आनंदाने रडतच होती. चषक घ्यायला ती उठली, तेवढ्यात हैबतराव स्टेजवर चढले.

"हा चषक आमाला नको," ते शांतपणे म्हणाले. "व्याह्यांनी लेकीला दान केलेला हाय तो. मी पोरांना सांगितलं होतं, माहेरी चकार शब्द न काढता चषक जिंकून दाखवा, मग खुशाल दिवाळसणाला जा. जिंकून म्हटलं होतं, मागून नाय."

पुंडलिक ताडकन उभा राहिला. म्हणजे पोर बापाला मारत नव्हती, बापाकडे यायला धडपडत होती. आणि तिचं जिंकणं नासवलं कुणी, तर ह्याच हाताने. किमयाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

स्पर्धावाले चक्रावले. शत्रूला मलम लावू नये असा नियम त्यांनी केलाच नव्हता, कारण असं कुणी करेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बरीच कुजबुज होऊन सामना पुन्हा घ्यायचं ठरलं. हैबतरावांनी दोन अटी घातल्या. पेणवाल्या बापलेकांनी आपसात बोलायचं नाही आणि व्याह्यांच्या खुर्चीमागे ते स्वतः उभे राहणार. दोन्ही मान्य झाल्या.

आता हरायचं, हे बापलेकांना न बोलताच कळलं. चषकासाठी जीव टाकणारा हरेश, पण बहीण घरी येणार म्हटल्यावर त्याने मागेपुढे पाहिलं नाही. त्याचा वाघ आवेशाने एकटाच अजगराच्या अंगावर गेला आणि लगेच आडवा झाला. हैबतरावांना त्यात खोट काढता येईना. वाघ मर्दासारखा मेला होता.

उरली चिंबोरी. पुंडलिकने विचार केला. मलम लावायचं नाही, कारण मागे व्याही उभे आहेत. आड व्हायला कुणी उरलंच नाही. आणि नांगी? लेकीवर, जावयावर नांगी उगारायची? छे. मग त्याने फार सोपा मार्ग काढला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि देवळात बसावं तसा स्वस्थ बसला. आता मारा म्हणावं.

ते बघून हरेशच्या अंगाला घाम फुटला. एक गोष्ट त्याने बापाला सांगितली नव्हती, कारण सांगायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं. बटण दाबलं नाही तर चिंबोरी आपोआप कवच मिटून घेते, आणि मिटल्या कवचात तिच्या जखमा आपोआप भरतात. त्या अख्ख्या खेळात तिला हात न लावण्याइतका चिवट डाव दुसरा नव्हता. लाल दाबलं असतं तर ती तेव्हाच गेली असती. हरेश खोकला. पुन्हा खोकला. बापाने त्याच्याकडे बघावं म्हणून त्याने तिसऱ्यांदा असा काही खोकला काढला, की हैबतरावांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं.

अजगराने विजा पाडल्या. चिंबोरी मिटली, उघडली, होती तशी. अजगराने आग ओकली. चिंबोरी होती तशी. रमेशच्या कपाळावर आठ्या पडल्या. या खेळात प्रत्येक दैत्याचे हल्ले मोजके असतात. ते संपले की तो नुसतं डोकं आपटतो, आणि जितकं आपटेल तितका स्वतःच घायाळ होतो. अजगराचे हल्ले संपले. तो चिंबोरीच्या पाठीवर डोकं आपटायला लागला. बगळीने मलम लावून लावून त्याला जगवला, पण तिचंही मलम आटलं. शेवटी चिंबोरीला ओरखडाही न काढता अजगर मेला आणि त्याच्यामागून बगळीही चोच आपटून आपटून मेली.

मैदानात एकटी चिंबोरी उरली. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली: पेण विजयी.

"मी हात नाय लावला," पुंडलिक म्हणाला. त्याने दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. "देवाशपथ सांगतो, मी कशालाच हात नाय लावला."

लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. कुणीतरी चषक आणून त्याच्या वर केलेल्या हातात कोंबला. किमया पदर तोंडाला लावून बसली होती आणि आता ती आनंदाने रडत नव्हती. पुंडलिकचं सगळं अवसान गेलं. आधी हरून लेक आली नाही, आता जिंकून कायमची घालवली. हा चषक खाडीत फेकावा की स्वतः खाडीत जावं, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

तेवढ्यात खुर्चीमागून हैबतराव पुढे आले. चेहरा लालबुंद झालेला. पोरांना चषकाची अट घातल्यापासून सुनेच्या आणि मुलाच्या मागे बसून रोज संध्याकाळी खेळ बघता बघता या माणसाला त्याची चटक लागली होती, हे त्यांच्या घरातल्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

"हात न लावता हरवलंत आमाला?" ते म्हणाले. "अख्ख्या पेणसमोर?"

"व्याही, चुकलं माझं..."

"दिवाळीला घरी हाय ना तुमी?"

पुंडलिकला काही उमजेना. त्याने नुसती मान हलवली.

"मग येतो आमी. रमेश, सूनबाय आणि मी. तुमच्याच ओटीवर बसून ही चिंबोरी उताणी करतो. आणि एक सांगून ठेवतो, ती उताणी झाल्याबिगर सूनबायला परत न्यायची नाय."

किमयाचा पदर तोंडावरून खाली आला. रमेश एकदम मोबाइलच्या चार्जरची वायर गुंडाळण्यात गढून गेला. हरेशला मात्र राहवलं नाही. आता बोलायची बंदी उठली होती आणि चूक दुरुस्त करायची त्याला घाई झाली होती.

"मामा, त्यात काय एवढं," तो हैबतरावांना म्हणाला, "चिंबोरीला मारणं लय सोप्पं हाय. बाबांनी नुसतं लाल..."

पुंडलिकने चषक उचलून मुलाच्या छातीवर असा दाबला, की पुढचं वाक्य आतच राहिलं. मग त्याने व्याह्यांपुढे हात जोडले.

"या ना," तो म्हणाला. "पण व्याही, ती एका दिवसात नाय मरायची. भाऊबीज धरूनच या."