ताडपत्रीखालची चाचणी

जगात आजवर जे जे बिघडलं, ते ते आधी कुणीतरी सुधारायला घेतलं होतं. हे सत्य फार थोड्यांना उमगतं, आणि त्या थोड्यांपैकी एक गृहस्थ त्या इमारतीचे अध्यक्ष होते. (बाकीचे बहुधा इतर इमारतींचे अध्यक्ष असावेत.)

सगळी इमारत त्यांना काका म्हणायची आणि घरात सून बाबा म्हणायची. त्यांची मतं रोज सकाळी पेपर वाचून तयार व्हायची. खरं तर ती आदल्या दिवशीच तयार असायची, पेपर फक्त दुजोऱ्याला लागायचा. राजकारणाबद्दल त्यांचं मत असं, की सरकार कुणाचंही असो, त्याने काही करू नये. केलं की निस्तरत बसावं लागतं. तरुण पिढीबद्दल त्यांचं मत असं, की ती आहे. आणि सुरक्षेबद्दल असं, की धोका रोज येतो, ज्या दिवशी दिसत नाही त्या दिवशी तो दबा धरून बसलेला असतो.

लोकशाहीवर मात्र काकांचा जीव होता. त्यांनी एकदा जिन्यात उभं राहून पाहणी केली. त्यात इमारतीतले तीस टक्के लोक समाधानी निघाले आणि सत्तर टक्क्यांनी दारच उघडलं नाही. दार न उघडणारा माणूस आहे त्या परिस्थितीत सुखी असणार, नाहीतर उठला नसता का? म्हणून त्यांनी नियम करून घेतला: सभेला जो गैरहजर, त्याचं मत आहे तेच चालू ठेवण्याच्या बाजूने धरावं. तेव्हापासून काका एकही ठराव हरले नव्हते. भाषणही करावं लागत नसे.

अशा सुखात सूनबाईंनी सौरऊर्जा आणली. त्या विजेच्या इंजिनिअर होत्या आणि त्यांचं म्हणणं असं, की गच्चीवर पॅनेल बसवली तर जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट उन्हावर चालतील.

"सूर्य कुणाच्या ताब्यात आहे?" काकांनी जेवताना विचारलं.

"कुणाच्याच नाही, बाबा."

"मग? ज्याच्यावर आपला ताबा नाही, जो रोज संध्याकाळी न सांगता निघून जातो, त्याच्या भरवशावर इमारत सोडायची? हा सुरक्षेचा प्रश्न आहे. भाजी वाढ."

तरीही काका आडमुठे नव्हते. त्यांनी गच्चीवर एका पॅनेलची चाचणी घ्यायला परवानगी दिली. अट एकच: मंजुरी मिळेपर्यंत पॅनेलवर ताडपत्री घालून ठेवावी. चाचणीत वीज शून्य टक्के निर्माण झाली. काका हा आकडा सभेत मांडणार होते.

सभेच्या रविवारी सकाळी ते हा आकडा शेवटचा तपासायला गच्चीवर गेले. ताडपत्री जागच्या जागी होती. मागे दार मिटलं, आणि नेमका तेव्हाच करंट गेला.

इथे त्या दाराबद्दल सांगायला हवं. गच्चीला विजेचं कुलूप होतं, कार्ड लावलं की उघडणारं. बसवताना कुलूपवाल्याने विचारलं होतं, "काका, करंट गेला की दार उघडं राहू दे का बंद?"

"बंद. उघडं ठेवायला काय धर्मशाळा आहे?"

"आणि तेव्हा कुणी गच्चीवर असलं तर?"

"सज्जन माणूस करंट गेल्यावर गच्चीवर काय करतोय?"

कुलूपवाल्याने दार बंद राहणारं कुलूप बसवलं. आता तो सज्जन माणूस काकाच होते.

ते घाबरले नाहीत. इमारतीला जनरेटर होता. सूर्यासारखा नव्हे, आपला, खाली पत्र्याच्या शेडमध्ये बांधल्यासारखा उभा असणारा. त्याच्या टाकीत डिझेल ठेवायची मनाई होती (चोरी होते). डिझेल वेगळ्या खोलीत असायचं. त्या खोलीला अर्थातच तेच विजेचं कुलूप होतं. थोडक्यात, डिझेल मिळालं असतं तर करंट आला असता आणि करंट आला असता तर डिझेल मिळालं असतं. इतकी चोख व्यवस्था क्वचितच पाहायला मिळते. काकांनी कठड्याला टेकून तिचा बराच वेळ विचार केला.

मग त्यांनी खाली वाकून हात हलवले. बाल्कन्या भरलेल्या होत्या. अध्यक्ष हात हलवताहेत हे पाहून लोकांनीही आदराने हात हलवले.

"काका, सभा आटोपली वाटतं?" कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजाऱ्यांनी वर बघून विचारलं.

"अहो, सुरू व्हायचीय. तुम्ही का नाही गेलात?"

"तुम्ही आहात ना तिथे."

"मी इथे आहे. अडकलोय. वॉचमनला सांगा."

"सांगतो हं," शेजारी म्हणाले आणि पुढच्या कुंडीकडे वळले. कुणीतरी सांगेलच, असा त्यांचा इमारतीवर विश्वास होता.

ऊन चढलं. काकांचा मोबाइल मेलेला होता, कारण रात्री चार्जिंगला लावला की आग लागते असं त्यांचं मत होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. (पाहण्यासारखं कुणी नव्हतं, पण सवय.) मग त्यांनी ताडपत्री काढली, पॅनेलच्या खालच्या प्लगला तिथेच ठेवलेल्या सूनबाईंच्या चार्जिंगच्या वायरीने मोबाइल जोडला, आणि पॅनेलच्या सावलीत मांडी घालून बसले. थोड्या वेळाने मोबाइलने डोळा उघडला.

त्या सावलीत त्यांना एक विचार सुचला आणि तो आपल्याला आधी कसा सुचला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. सूर्य जनरेटरपेक्षा जुना आहे. फार जुना. जनरेटर हे कालपरवाचं फॅड. म्हणजे उन्हाची बाजू घेणं हीच खरी परंपरा, आणि ते स्वतः पहिल्यापासून याच मताचे होते, फक्त कुणी नीट विचारलं नव्हतं. आता काहीही करून मतदानाआधी सभेत पोचणं भाग होतं.

त्यांनी सूनबाईंना फोन लावला. तो बंद होता. सभेत मोबाइल बंद ठेवायचा नियम काकांचाच. मग वॉचमनच्या केबिनमध्ये लावला.

"मी अध्यक्ष बोलतोय. मी गच्चीवर आहे, खिळा हाण, पहार घाल, काहीही कर, दार उघड."

"आजचा परवलीचा शब्द सांगा, साहेब."

काकांनी सांगितला.

"असेल. मला कुठं माहितीये? सकाळी बदललात तेव्हा म्हणालात, तुला कळला तर फुटेल."

"अरे, आवाज ओळख की."

"तुम्हीच म्हणाला होतात, साहेब, शत्रू पहिला आवाज काढतो तो अध्यक्षांचा." आणि त्याने फोन ठेवला. असा कर्तव्यदक्ष माणूस शोधून सापडत नाही.

शेवटी करंट आपला आपण आला, गेला होता तसाच, कुणाचा ठराव न घेता. काका जिन्याने धापा टाकत सभेच्या हॉलपाशी पोचले. दार आतून बंद होतं, कारण उशिरा येणारा माणूस संशयित असतो. त्यांनी काचेवर टकटक केली. सूनबाई काचेशी आल्या.

"मतदान झालं?"

"आत्ताच झालं, बाबा. आम्ही आठ जण आलो होतो, आठही बाजूने. गेल्या आठवड्यात मी दारोदार फिरले, सगळे म्हणाले होते, झालंच पाहिजे."

"मग झालं ना?"

"बेचाळीस गैरहजर. म्हणजे बेचाळीस विरोधात. तुम्हाला धरून."

"मी विरोधात नाहीये. हे बघ, हात वर केलाय."

"दिसतोय. पण तुम्ही बाहेर आहात."

"मग तो नियम बदला की."

"त्याला सभा घ्यावी लागेल, बाबा," सूनबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि त्या सभेला कोण येणार?"

काका बराच वेळ हात वर करून काचेबाहेर उभे होते. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. इतक्या फरकाने ते आधी कधीच जिंकले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी स्वतः वर जाऊन पॅनेलवर ताडपत्री नीट घातली. एक कोपरा तेवढा दुमडलेला राहिला, मोबाइलच्या वायरीपुरता. या वेळी दारात त्यांनी वीट लावून ठेवली होती.

आता कामकाजाचा भाग. त्या इमारतीच्या नियमांनुसार निकालावर कुणालाही हरकत घेता येते, सभेचा वृत्तांत वाचून संपेपर्यंत. तुम्ही तो आत्ता संपवलात. सुरुवातीपासून सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं, आणि बसल्या जागी तुम्ही चार-दोन वेळा हसलातही असाल. पण मध्ये कुठे हात वर केलेला दिसला नाही. काळजी नसावी. तुमचं मत धरलेलं आहे.